पाचशे शहात्तर बेरजेचा मानकरी

माणसाच्या काळजात काय आहे हे एका परमेश्वरालाच ठाऊक असतं. आमच्या भागात ते तळेगावच्या लॅबलाही ठाऊक असतं, आणि संध्याकाळी पाचनंतर त्याची पीडीएफ येते.

गावाचं नाव सांगत नाही, कारण ज्या ठरावाबद्दल हे सगळं आहे तो अजून रद्द झालेला नाही. नवलाख उंबऱ्याच्या अलीकडे डाव्या हाताला एक डोंगर दिसतो आणि त्यावर पाण्याच्या टाकीसारखं पांढरं काहीतरी दिसतं, ते आमच्या भैरवनाथाचं देऊळ. जत्रा चैत्रात. जत्रेच्या सकाळी देवाची काठी गावातून निघते, डोंगर चढते आणि देवळाच्या शिखराला टेकते. काठी म्हणजे तीन पुरुष उंचीचा बांबू आणि त्याला गुंडाळलेली नवसाची वस्त्रं. कुणाचा नवस फळला की एक वस्त्र वाढतं. काढत कुणीच नाही. त्यामुळे काठी दरवर्षी थोडी जड होते आणि मानकरी दरवर्षी थोडा म्हातारा.

मान पडवळांचा, त्यातही थोरल्या घराचा. थोरल्या घरात सध्या मारुती पडवळ आहे. वय एकसष्ट, दोन म्हशी, डोंगराच्या पोटाला भातखाचरं. वडील गेल्यापासून काठी त्याच्या खांद्यावर आहे आणि उरलेलं वर्ष त्याच्या पडवीच्या आढ्याला टांगलेली असते. गावात त्याला दुसरी काही ओळख नाही. त्याची जमीन कारखान्यात गेली नाही, मुलगा परदेशात गेला नाही, तो स्वतः कुठल्या पक्षात गेला नाही. लग्नपत्रिकेत त्याच्या नावाआधी ‘काठीचे मानकरी’ असं छापतात, तेवढंच.

दोन वर्षांपूर्वीच्या जत्रेत दुसऱ्या वळणावर मारुती खाली बसला. तंबाखू मळायला बसला होता. पण मागून ज्याने मोबाईलवर ते टिपलं त्याला तळहात दिसला नाही, फक्त वाकलेली मान दिसली. त्याने त्या चित्रफितीला बासरी लावली. दुपारपर्यंत मानकऱ्याच्या हृदयावर ताण आला होता, संध्याकाळपर्यंत त्याला पुण्याला हलवलं होतं, आणि वडगावच्या एका पाहुण्याने तर हार घातलेल्या समईचं चित्र पाठवून दिलं. मारुती तेव्हा म्हशीची धार काढत होता.

जत्रा कमिटीने मात्र विषय गांभीर्याने घेतला. कमिटीचे अध्यक्ष गोपाळकृष्ण गुरुजी. राहायला तळेगावात, पण उभी नोकरी आमच्या शाळेत केली, मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले आणि गावाला सोडायचं तेवढं विसरले. जगातल्या कुठल्याही प्रश्नाला परीक्षा हे उत्तर आहे, असं त्यांचं मत. त्यांनी ठराव लिहिला: मानकरी आरोग्यदृष्ट्या पात्र असावा, पडवळ भाऊकीतल्या पन्नाशीपुढच्या पुरुषांनी रक्त तपासून घ्यावं, ज्याचा निकाल सर्वोत्तम, काठी त्याची. पिढीजात मान गुणवत्तेवर आणणारं हे तालुक्यातलं पहिलं गाव ठरेल, असं ते म्हणाले. टाळ्या वाजल्या. मारुतीनेही वाजवल्या, कारण विषय शेवटच्या दोन वाक्यांत त्याच्यापर्यंत आला आणि तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या.

शिबिर शाळेत झालं. सगळी भाऊकी उपाशीपोटी बाकांवर बसली आणि गुरुजींनी सवयीने एका बाकावर दोघेच बसवले. त्यांनी स्वतः रक्त दिलं नाही. परीक्षक परीक्षेला बसत नाही, असं त्यांनी लॅबच्या मुलीला समजावलं.

रिपोर्ट आले. प्रत्येकाच्या रिपोर्टात पाच ओळी आणि पाच आकडे होते: एकूण कोलेस्टेरॉल, एचडीएल, एलडीएल, व्हीएलडीएल आणि ट्रायग्लिसराइड. खाली कसलासा रेशोही होता, पण त्यात दशांश चिन्ह असल्यामुळे तो गुरुजींनी सोडून दिला. आता ज्या माणसाने आयुष्यभर गुणपत्रिका केल्या, त्याला पाच आकडे एकाखाली एक दिसल्यावर काय करायचं हे विचारावं लागत नाही. गुरुजींनी बेरीज केली.

निकाल डोंगराच्या पायथ्याच्या सभामंडपात लागला. जितकी बेरीज कमी तितकं हृदय चांगलं, हे सूत्र त्यांनी आधी समजावून सांगितलं. पहिला आला बाजीराव पडवळ, मारुतीचा चुलतभाऊ, बेरीज तीनशे शहाण्णव. मारुतीची पाचशे शहात्तर, म्हणजे तो शेवटून दुसरा. शेवटचा जो होता तो निकाल ऐकायला आलाच नव्हता. तो वलवणला मुलीकडे जेवायला गेला होता.

बाजीरावचं सगळ्यांना नवल वाटलं. त्याची जमीन कारखान्यात गेल्यापासून बाजीराव चालत असा फक्त गाडीपर्यंत जातो. पण आकडा आकडा असतो. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. तो ‘खाली ठेवा, खाली ठेवा’ म्हणत होता, तो विनय आहे असं सगळ्यांना वाटलं.

मारुतीची सून समीक्षा जवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात माल तपासायच्या खात्यात आहे. तिने उभं राहून विचारलं की गुरुजी, एकूण हा आकडा आधीच बेरीज आहे ना, मग त्याच्यात त्याचेच भाग परत का मिळवलेत. शिवाय एचडीएल जास्त असलेलं बरं असतं म्हणतात, तेही आबांच्या विरुद्ध धरलंत. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला आणि कागद तिच्या हातात दिला. बेरीज तपासून घे, म्हणाले. तिने तपासली. बेरीज अगदी बरोबर होती.

त्या संध्याकाळी मारुती जेवला नाही. त्याची बायको विठाबाई ताट घेऊन दोनदा पडवीत आली. तिसऱ्यांदा आली ती ताट न घेता, आणि त्याच्याकडे न बघता वर आढ्याकडे बघत म्हणाली, “रगात तुमचं न्हेलं, काठी न्हाई न्हेली अजून.”

दुसऱ्या दिवशी समीक्षाने सुट्टी टाकली आणि सासऱ्याला तळेगावला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर इंद्रायणी कमी बोलणाऱ्या. त्यांनी रिपोर्ट पाहिला, मग त्यावर लाल शाईत लिहिलेली बेरीज पाहिली आणि ही कुणी केली असं विचारलं. मुख्याध्यापकांनी, असं कळल्यावर त्या थोडा वेळ खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मग त्यांनी समजावून सांगितलं, आणि ते मारुतीला कळलं हे विशेष. हे पाच विषयांचे मार्क नाहीत. एकूण म्हणजे गावची खानेसुमारी, आणि बाकीचे तीन त्याच गावातले वाडे; वाडे परत मोजले म्हणून गाव वाढत नाही. ट्रायग्लिसराइड हा निराळाच स्निग्ध पदार्थ, त्यावरून तो तिसरा वाडा अंदाजाने काढतात. एलडीएल रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतं, ते कमी हवं. एचडीएल उलट बरं, ते कमी पडलं तर काळजी. मारुतीचं एचडीएल बासष्ट होतं, ते छान. एलडीएल एकशे बेचाळीस, ते छान नाही. आणि ह्या कागदावरून हृदय कसं आहे ते कळतच नाही. पुढे धोका किती ह्याचा एक भाग तेवढा कळतो. बाकीचा भाग वय, रक्तदाब, साखर, घरात कुणाला झालं होतं का, आणि तंबाखू. तंबाखू म्हटल्यावर मारुतीने खिशावर हात ठेवला. रक्तदाब दोनदा मोजला, दोन्ही वेळा चढा निघाला.

डोंगर चढायचा आहे म्हटल्यावर त्यांनी हृदयाचा आलेख काढला आणि सरकत्या पट्ट्यावर चालायची तपासणी लिहून दिली. तीही त्याच आठवड्यात झाली. मारुती लेंगा वर खोचून त्या पट्ट्यावर चालला, पट्टा चढाचा केला तरी चालला, आणि थांबवल्यावर म्हणाला की एवढ्यात मी वरल्या टाक्यावर पोचलो असतो, हितं हाय तितंच हाय. आलेखात खोट निघाली नाही. डॉक्टर म्हणाल्या, चढा, पण सावकाश. जागोजाग थांबा, पाणी प्या, छातीत दाटलं की काठी दुसऱ्याच्या हातात द्यायची, तिथे मान-अपमान नाही. आणि दोन गोळ्या आजपासून, एक रक्तदाबाची, एक कोलेस्टेरॉलची.

रक्तदाबाची त्याने घेतली. दुसरीला हात लावेना.

“जत्रंनंतर चालू करतो, बाई. आत्ता घेतली तर म्हनतील, मारुतीनं गोळी खाऊन बेरीज उतरवली.”

डॉक्टर म्हणाल्या की गोळी त्यासाठीच असते. तो म्हणाला, व्हय, पण त्यांच्यासाठी न्हाई. समीक्षाने कपाळाला हात लावला. डॉक्टरांनी चिठ्ठीवर तारीख घातली, खाली रेघ ओढली आणि जत्रेनंतरच्या सोमवारी आला नाहीत तर मीच गावात येईन, असं सांगितलं.

जत्रेला चार-पाच दिवस उरले तेव्हा बाजीराव मारुतीच्या खाचरावर आला. गाडी बांधापर्यंत आणता येईना म्हणून ती रस्त्यावर ठेवून चालत आला. मारुतीला वाटलं काठी मागायला आलाय. त्याने खुरपं खाली ठेवलं.

बाजीरावने शर्टाचं वरचं बटण सोडलं. गेल्या दिवाळीनंतर तो काशीला गेला होता ना, तो काशीला गेला नव्हता. पिंपरीला होता. हृदयाच्या दोन वाहिन्यांत स्टेंट बसवल्या होत्या. तेव्हापासून कोलेस्टेरॉलची सगळ्यात जोरकस गोळी रोज चालू होती, म्हणून त्याचं एलडीएल चौसष्टवर आलं होतं. एचडीएल छत्तीस होतं, तेही कमीच, पण गुरुजींच्या हिशेबात कमी म्हणजे चांगलं. थोडक्यात, सगळ्या भाऊकीत ज्याचं हृदय कागदोपत्री बिघडलेलं होतं तो एकटा माणूस पहिला आला होता. त्याच्या डॉक्टरांनी त्याला सपाटीवर चालायला सांगितलं होतं. डोंगराचं अजून नाव काढू नका म्हणाले होते.

मग सांग की गावाला, असं मारुती म्हणाला. बाजीरावला सांगायचं नव्हतं. पंचायत समितीचं तिकीट मिळायच्या बेतात होतं, आणि दोन स्टेंटा घातलेल्या माणसाला कोण तिकीट देणार. त्याचं म्हणणं वेगळंच होतं.

“दादा, तू भांड माझ्याशी. चार लोकांत भांड. शिव्या दे. मी थोरलेपणाचा मान राखून माघार घेतो.”

मारुती हसला नाही. म्हणाला, “भांडनारच हुतो. पर तुज्यासाठी न्हाई, बाज्या. आन तुजं दुखणं मी कुटं काढणार न्हाई. तुजं काळीज बाद झालं म्हनून काठी माजी, असं मला नको. काठी माजी हाय म्हनून माजी.”

परत जाताना बाजीराव बांधावर दोनदा थांबला. मारुतीने खुरपं हातात घेतलं, पण तो गाडीत बसेपर्यंत चालवलं नाही.

जत्रेच्या आदल्या दिवशी सभामंडपात बैठक झाली. काठी पहिल्या आलेल्या उमेदवाराच्या घरी पोचवावी, असं गुरुजींनी वाचून दाखवलं. उमेदवार हाच शब्द त्यांनी वापरला. मारुती मागे खांबाला टेकून बसला होता. तो उठला. समीक्षाने त्याला डॉक्टरांचा आलेख दाखवा असं सांगून ठेवलं होतं, तो खिशात होता. त्याने काढला नाही.

“गुरुजी, माजा तपास झालाय. ज्यांनी करायचा त्यांनी केलाय आन काय ते मला सांगितलंय. ते माजं आन त्यांचं. तुमाला दावायला मी शाळंत न्हाई.”

गुरुजी म्हणाले की मारुतीराव, प्रश्न व्यक्तीचा नाही, कमिटीचा ठराव आहे.

“मग ठराव उचला आन न्या डोंगरावर. काठी मी नेतो.”

कुणीतरी मागून हसलं. मारुतीने बाजीरावकडे बघितलं, बाकी कुणाकडे नाही, आणि त्याला ठरल्यापेक्षा दोन शिव्या जास्त दिल्या. त्यातली एक बाजीरावच्या गाडीला होती. माघार घ्यायची वेळ आली होती. बाजीराव उठला, घसा साफ केला, आणि समोर पक्षाचे तालुक्याचे दोन पदाधिकारी बसलेले त्याला दिसले. तो म्हणाला की कमिटी सांगेल ते आपल्याला मान्य आहे. आणि खाली बसला.

त्यामुळे जत्रेच्या सकाळी गुरुजी, कमिटी, हलगीवाले आणि हार घातलेला बाजीराव असे सगळे मारुतीच्या दारात आले. मारुती आंघोळ करून, धोतर नेसून काठीखाली उभा होता. ती त्याने आढ्यावरून एकट्यानेच उतरवली होती. दारात विठाबाई आरतीचं ताट घेऊन उभी होती. रीत अशी की काठी घराबाहेर पडायच्या आधी घरधनीण मानकऱ्याला ओवाळते, आणि एकदा ओवाळलं की तो वर पोचेपर्यंत खाली बसत नाही. तंबाखूला बसतो तेवढं देव चालवून घेतो.

गुरुजींनी तिला शांतपणे सांगितलं की काठी देऊन टाका, विठाबाई, गावाच्या भल्याचं आहे.

“घ्या की,” ती म्हणाली. “माजी काय ना न्हाई. फकस्त कुणाला ओवाळू तेवढं सांगा. भावजी, या म्होरं. एकदा ओवाळलं का वर जायाला लागंल, मंग माजं नाव न्हाई सांगायचं.”

हलगी थांबली. सगळ्यांनी बाजीरावकडे बघितलं. बाजीरावने डोंगराकडे बघितलं. मग त्याच्या मागून त्याची बायको नंदाबाई पुढे आली, त्याच्या गळ्यातला हार दोन्ही हातांनी काढला आणि मारुतीच्या गळ्यात घातला. जाताना बाजीरावला फक्त म्हणाली, “घरी चला, गोळी राहिलीय सकाळची.”

ते सगळ्यांना ऐकू गेलं. गुरुजींना कसली गोळी हे विचारायचं होतं, पण विठाबाईने ताट त्यांच्यासमोर धरलं.

“गुरुजी, तुमचा रिपोट कुटं हाय? का तुमाला ओवाळू?”

गुरुजी बाजूला झाले.

मारुती काठी घेऊन निघाला. पहिल्या वळणावर थांबला, पाणी प्याला. दुसऱ्यावर थांबला, पाणी प्याला. आठ-दहा मोबाईल त्याच्या तोंडासमोर होते आणि त्याने प्रत्येकाकडे नीट बघून घेतलं. तिसऱ्या वळणावर छातीवर हात ठेवला तेव्हा हलगी पुन्हा अडखळली. त्याने बंडीचं बटण लावलं आणि पुढे चालू लागला. समीक्षा बरोबरीने चालत होती. ती त्याच्या श्वासाकडे लक्ष ठेवून होती आणि तो मुद्दाम तिच्याशी भाताच्या रोपांबद्दल बोलत होता, म्हणजे दम लागला नाही हे तिला कळावं. वरच्या टाक्यापाशी त्याचा आवाज थोडा तुटायला लागला. ती म्हणाली, आबा, द्या थोडा वेळ कुणाकडं तरी. त्याने काठी जमिनीला टेकवली, दम खाल्ला, ठोके सावकाश होऊ दिले. दिली नाही. छातीत दाटलं असतं तर दिली असती, असं त्याने नंतर डॉक्टरांना शपथेवर सांगितलं. डॉक्टरांनी विश्वास ठेवला की नाही ते माहीत नाही.

काठी शिखराला टेकली तेव्हा वरून गाव पानाएवढं दिसत होतं. मारुतीने वर बघितलं नाही, हातही जोडले नाहीत. तो खाली सभामंडपाच्या पत्र्याकडे बघत उभा राहिला, चांगला वेळ, कंबरेवर हात ठेवून.

सोमवारी तो डॉक्टरांकडे गेला आणि दुसरी गोळी सुरू झाली. तंबाखूचं बोलणं चालू आहे. सकाळच्या गोळीवरून स्टेंटचा बोभाटा झाला, तरी बाजीरावला तिकीट मिळालं. पक्षातल्या निम्म्या लोकांना स्टेंट आहेत असं त्यातून बाहेर आलं. गुरुजींनी रक्त तपासलं, पण बेरीज कुणाला सांगितली नाही. ठराव मागे घ्यायला कमिटी तयार नव्हती आणि मारुती मान सोडायला तयार नव्हता, म्हणून पुढच्या बैठकीत मधला मार्ग काढला गेला: माणूस तोच ठेवायचा, काठी हलकी करायची.

यंदापासून काठी ॲल्युमिनियमची आहे. तिचे तीन तुकडे होतात.